पुढं कुठं सोडायचं?

कबनूरला ग्रामपंचायत आहे, म्हणून ते खेडं. २०११ च्या जनगणनेत मात्र त्याची नोंद शहरी वस्तीत झाली, आणि इचलकरंजी कुठं संपून कबनूर कुठं लागतं हे नव्या माणसाला सांगूनही कळत नाही. घरं शहरासारखी चिकटून, पण गटारी उघड्या. न्हाणीचं, मोरीचं पाणी गटारीत, गटार ओढ्यात, ओढा पंचगंगेत.

आमच्या गल्लीतली गटार सारखी तुंबायची. शेवटी काही घरांनी मिळून शोषखड्डे घ्यायचं ठरवलं. लांबी, रुंदी, खोली मीटरभर. तळाला मोठे दगड, वर लहान, मधोमध भोकं पाडलेलं पिंप आणि त्यात तेलकट मळी अडवायला नारळाच्या शेंड्या. माणशी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं, तर पाच जणांच्या घरातून दोनशे-सव्वादोनशे लिटर सांडपाणी निघतं. तेवढं जिरलं की झालं, असा आमचा हिशेब होता.

वरच्या अंगाला मुरूम लागला. तिथं पाणी बघता बघता जिरायचं. खालच्या अंगाला काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून घट्ट होते. तिथले खड्डे आषाढात काठोकाठ भरले. “आक्का, ह्याच्यापेक्षा गटार बरी होती की ओ,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. परड्यात जागा होती त्यांनी पाणी केळीला, अळूला वळवलं. ज्यांना परडंच नव्हतं, त्यांचं पाणी पुन्हा गटारीत गेलं.

खणताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. काही संडासांच्या टाक्यांचं वरचं पाणीही सरळ गटारीतच येत होतं. ते आमच्या खड्ड्यांत घेण्यासारखं नव्हतं, कारण जवळपास बोअर होत्या. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. दूषित पाण्याचं भय इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय हा भाग यंत्रमागांचा. मागाला पाणी फारसं लागत नाही, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगला लागतं. खळीतला स्टार्च आंबला की पाण्यातला प्राणवायू संपतो. घरगुती सांडपाण्याचे उपाय अशा पाण्याला पुरत नाहीत, ते जिथं निघतं तिथंच शुद्ध व्हायला हवं. उन्हाळ्यात धार मंदावली की नदीवर केंदाळ पसरतं, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगतात.

काळ्या मातीच्या गल्ल्यांना मग उरतात स्थिरीकरण तळी. त्यांना वीज लागत नाही. पहिल्या तळ्यात गाळ बसतो, दुसऱ्यात शेवाळ आणि जिवाणू मिळून घाण फोडतात, तिसऱ्यात ऊन रोगजंतू मारतं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० हून जास्त वस्तीच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद होती. पण तळ्याला जागा लागते, आणि इथं मोकळ्या गुंठ्याला प्लॉटचा भाव आहे.

गटार पाणी दारातून हलवते, साफ करत नाही. म्हणून ग्रामसभेत नव्या गटारीचा विषय निघाला की आम्ही बायका तिच्या उताराला राखायची जागाही त्याच ठरावात मागतो. काहींना हा फाटा वाटतो. पण एकदा तिथं घरं उठली, की मग पैसे मिळूनही काही करता येणार नाही.