चार जमिनींचं घर

हट्ट्यातल्या आमच्या घरात चार जातीच्या जमिनी आहेत. ढाळजेत शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात कोबा, पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन खोल्यांत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि मागच्या पडवीत अजूनही शेणानं सारवलेली भुई. माझं माहेर नांदेडचं. तिथं सगळ्या घराला एकच मोझॅक फरशी, एक बादली आणि एक फडकं. लग्नानंतर तीच सवय मी इथं घेऊन आले. सगळ्या घराला एकच पावडर, एकच पाणी. ही सवय मोडायला मला एक फरशी गमवावी लागली.

पडवी सारवायला सासूबाईंनी शिकवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पहिल्याच दिवशी मी शेतातली काळी माती टोपल्यात भरून आणली. मऊ, स्वच्छ, मला वाटलं हीच चांगली. त्यांनी टोपलं तसंच परत पाठवलं. "काळी माती उन्हाळ्यात भेगाळते बाई. भुईला पांढरीच लागते." गावठाणाला आपल्याकडे पांढरी का म्हणतात, शेताला काळी का, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं. पांढरी माती आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी त्यात ताजं शेण कालवायचं, सारवण ताकापेक्षा जरा घट्ट ठेवायचं. पोतेरं हातात धरून आतल्या भिंतीपासून दाराकडे मागं मागं सरकत यायचं. हाताचा फेर अर्धगोल, आणि प्रत्येक फेराची कड आधीच्या फेरावर चढलेली. शेणातल्या बारीक काड्या माती धरून ठेवतात, म्हणून वाळल्यावर धूळ उठत नाही. पूर्ण वाळेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. श्रावणात भुई वाळता वाळत नाही, तेव्हा सारवण पातळ घ्यायचं. आता गावात बैलं कमी, ट्रॅक्टर जास्त. शेण मागून आणावं लागतं, तरी पडवीवर फरशी टाकायची नाही असं आम्ही ठरवलंय. मे महिन्यात दुपारी पाठ टेकायला घरात तेवढीच थंड जागा आहे.

आता ढाळजेतल्या शहाबादीची गोष्ट. हा दगड कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा. १९५६ पर्यंत ते शहाबाद आणि आपला परभणी जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते (आमचा हिंगोली त्यातून वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली), त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या घरांत हाच दगड दिसतो. आमची फरशी सासऱ्यांच्या वडिलांनी बसवलेली. तीन पिढ्यांच्या पायांनी तिला जो गुळगुळीतपणा आलाय, तो कुठल्याही मशीननं येत नाही.

आमचा वसमत तालुका हळदीचा. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी या भागात आलं आणि शेतं बदलली. आमचीही दोन एकर हळद असते. एका वर्षी मार्चमध्ये हळद शिजवून अंगणात वाळत घातली आणि संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. सगळ्यांनी धावत ओली हळद घमेल्यांनी आत आणली आणि ढाळजेत पसरली. दोन रात्री ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशी उचलली तेव्हा खालची फरशी पिवळीजर्द.

मी लगेच धुण्याचा सोडा आणि साबणाची पावडर टाकून घासायला बसले. बघता बघता पिवळ्याचा लाल झाला. विटेसारखा लाल. जितकं घासावं तितका जास्त. घाबरून मी दुकानातून संडास साफ करायचं ॲसिड आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, यानं कुठलाही डाग जातो." दारामागच्या फरशीवर थोडं ओतलं. लाल डाग त्याच क्षणी पुन्हा पिवळा झाला आणि मला हायसं वाटलं. मग फरशीतून बारीक चर्र असा आवाज यायला लागला. पांढरा फेस उठला, उकळल्यासारखा. नाकाला झोंबणारी वाफ आली. मी बादलीभर पाणी ओतलं. पाणी ओसरल्यावर बघते तर काळसर निळी फरशी तेवढ्या जागी पांढुरकी आणि खरखरीत झालेली. बोट फिरवलं तर भुकटी हाताला येत होती. डाग तिथंच होता, गेला होता तो दगड.

आत्याबाईंना मी रडत रडत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे तुला ठाऊक नव्हतं होय?" माहीत होतं की. प्रत्येक बाईला माहीत असतं. पण फरशी पुसताना ते आठवलं नाही. सोडा, साबण, चुना, ताजं सिमेंट, सगळे एकाच जातीचे, अल्कधर्मी. हळद त्यांना भेटली की लाल होणारच. आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड चुनखडीला खातं, तो फेस म्हणजे दगड विरघळताना सुटणारा वायू. कोटा, कडप्पा, संगमरवर यांचंही तेच. लिंबू, चिंच, व्हिनेगर हे सौम्य असले तरी आम्लच. यांचा ओघळ रात्रभर राहिला तर सकाळी पॉलिश गेलेलं दिसतं.

मग आम्ही बाकीच्या फरशीला हात लावला नाही. नुसत्या पाण्यानं पुसत राहिलो. आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की उंबऱ्याजवळ, जिथं सकाळचं ऊन येतं, तिथला डाग फिका पडलाय. उन्हानं हळदीचा रंग उडतो. हळदीची साडी सावलीत वाळवतात ती याचसाठी. मी दिवसभर दार सताड उघडं ठेवायला लागले, उन्हाच्या वाटेतलं सगळं सामान हलवलं. पावसाळ्याआधी ऊन पोचतं तिथली फरशी साफ झाली. आतल्या बाजूला पिवळी झाक आहे अजून. दारामागची ती एक फरशी मात्र आजही खरखरीत आहे. मिस्त्री बदलून देतो म्हणाला होता, मी नको म्हटलं.

कोब्याचं फार काही नाही. रोज ओलं फडकं, आणि तेल सांडलं तर लगेच ज्वारीचं पीठ भुरभुरून ठेवायचं, पिठानं तेल ओढलं की झाडून घ्यायचं.

टाइल्सना मी सगळ्यात कमी जपायचे, कारण त्या पाणी पीत नाहीत असं ऐकलं होतं. टाइल पीत नाही, पण सांध्यातलं सिमेंट पितं. त्यातून आमच्या नव्या खोल्यांचा पाया काळ्या मातीत. ठेकेदारानं काळी पुरती काढून मुरूम भरलाच नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. दुसऱ्याच उन्हाळ्यात चार टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. वरून बादलीनं पाणी ओतणं मी तेव्हा बंद केलं. आता आधी कोरडा केर, कोपऱ्यापर्यंत; बारीक वाळूवरून ओलं फडकं फिरवलं की चमक जाते. मग घट्ट पिळलेलं फडकं, आणि पाणी गढूळ झालं की बदलायचं. सांधे काळे पडले तर दात घासायचा जुना ब्रश आणि सौम्य साबण. आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं आहे, ते फरशीवर वाळलं की पांढरे ठसे राहतात, म्हणून शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून घेते.

घर बांधत असाल तर फरशीच्या रंगाआधी खालच्या भरावाकडे बघा. फरशीवर नवीन काही ओतायचं असेल तर दारामागच्या कोपऱ्यात आधी एक थेंब टाकून बघा. फेस आला तर ती बाटली त्या फरशीसाठी नाही. आणि ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीत तर मुळीच नको.