शेतातील दोन सोबती

कीटक दिसताच औषध फवारावे, अशी अनेक शेतकऱ्यांची सवय असते. परंतु प्रत्येक कीटक पिकाचा वैरी नसतो. सिरफिड माशी फुलांतील मकरंद सेवन करते. तिची अळी मात्र शिकारी असते. पिकाचा रस शोषणारा मावा हे तिचे भक्ष्य. मेक्सिकन भुंगा याउलट शाकाहारी. गाजरगवताच्या बंदोबस्तासाठी १९८४ मध्ये तो भारतात सोडण्यात आला. तो आणि त्याची अळी, दोघेही त्या तणाची पाने फस्त करतात. एकीचा आहार किडीचा, दुसऱ्याचा पानांचा. शेतकऱ्यावरील उपकार मात्र सारखाच. विषारी फवारणीत मित्र आणि शत्रू दोघेही मरतात. म्हणून पंप उचलण्यापूर्वी शेतकऱ्याने पानावरचा कीटक ओळखावा, यातच त्याचे हित आहे.