तांदळाची रेघ : माकुणसार ते गंजाड

सफाळे आणि केळवे यांच्या दरम्यानचे माकुणसार पाहण्यासाठी म्हणून सहसा कोणी मुद्दाम उतरत नाही. केळव्याच्या किनाऱ्याकडे निघालेली वाहने गावातून पुढे निघून जातात. परंतु जरा थांबणाऱ्यास या भूमीचे बोलणे ऐकू येते. पश्चिमेला सागर, पूर्वेला रेल्वेचे रूळ, त्यांपलीकडे तांदुळवाडीचा डोंगर, आणि मधे भाताची खाचरे. डोंगराच्या नावातच तांदूळ आहे. येथून उत्तरेकडे पालघर, बोईसर ओलांडून डहाणूपर्यंत जावे, तर हाच तांदूळ अन्न म्हणून ताटात आणि रंग म्हणून भिंतीवर भेटतो.

वारली समाजात विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’. पोथीलेखनाला पुण्यकर्म मानणाऱ्या जैन वाचकास या शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको. शेणामातीने सारवून गेरूने तांबूस केलेली भिंत, पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ, आणि चावून टोक मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. हे लेखन सवाष्णींनी करावयाचे. चौकटीच्या मध्यभागी पालघाट देवी. तिच्याभोवती झाडे, पशुपक्षी, घोड्यावरचे वधूवर. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी गीते गाते, देवतांना आवाहन करते. चौकावाचून विवाह पुरा होत नाही.

या शैलीचे शील तिच्या वर्जनात आहे. एकच रंग. छायाप्रकाश नाही. दूरचे झाड लहान आणि जवळचे मोठे असा दंडक नाही. टोकाशी टोक जुळवलेले दोन त्रिकोण म्हणजे मनुष्य. त्रिकोण किंचित कलला की तो नाचतो, ओणवला की भात लावतो. चेहऱ्याला नाकडोळे नाहीत, म्हणून कोणी धनिक दिसत नाही, कोणी दरिद्री दिसत नाही. हे अज्ञानातून आले, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.

कारण असाच आक्षेप एकेकाळी जैन कल्पसूत्रांच्या चित्रांवरही घेतला गेला. पश्चिम भारतातील त्या लघुचित्रांत मुखाबाहेर आलेला दुसरा डोळा, टोकदार नाक, लाल पार्श्वभूमी, पुढे निळा आणि सोने हे सारे सपाट पृष्ठावरच नांदते. मांडूचे कल्पसूत्र 1439 चे, जौनपूरचे सुवर्णाक्षरी कल्पसूत्र 1465 चे. नेमक्या त्याच काळात इटलीत प्रबोधनकाळ बहरात होता. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी यथार्थदर्शनाचे गणित साधले होते. तरीही जवळच्या सिएना नगरीत, सावकारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या त्या गावात, चित्रकार सोनेरी पार्श्वभूमी आणि नाजूक रेषा सोडण्यास राजी नव्हते. त्यांना नवे ठाऊक नव्हते असे नाही. देवतेचे स्थान मोजपट्टीने ठरत नाही, असे त्यांस वाटत असावे. प्रादेशिक शैली अनेकदा अशा नकारावरच उभी असते.

भेद एका ठिकाणी मात्र मोठा आहे. कल्पसूत्रे श्रावकांच्या द्रव्यावर लिहिली गेली आणि ज्ञानभांडारांत जपली गेली, म्हणून ती आज आहेत. वारली चौकाला भांडार नाही. पाऊस, धूर, पुढचे सारवण, आणि तो पुसला जातो. देरासरात पाटावर अक्षतांचा साथिया रेखणारी श्राविका हे सहज जाणेल. चार गतींचा स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन पुंज आणि सिद्धशिलेची कोर रचून झाली की ते तांदूळ आवरले जातात. केलेले कर्म मात्र उरते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो हाती घेतला. बालपणी आईच्या मृत्यूनंतर ज्यांची वाचा गेली आणि जे धुळीत चित्रे काढून बोलत, अशा या माणसाने लग्नाविनाही चित्र लिहिले : तारप्याभोवती गुंडाळत जाणारे नर्तक, जाळे, मुंग्या. 1989 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते निवर्तले. त्यांच्यामुळे शैली जगात गेली, आणि तीच बाजारातही आली. स्त्रियांचे विधिकर्म बरेचसे पुरुषांचा व्यवसाय झाले. यात हळहळावे की समाधान मानावे? ज्या घरात त्यामुळे चूल पेटते, तेथे हळहळ शोभत नाही.

खटकते ते निराळे. कापडाच्या ठाणावर, कपांवर, लग्नपत्रिकेच्या कडेला यंत्राने छापलेले त्रिकोण. सारे एका मापाचे, एका अंतराचे. त्यांत पालघाट नाही, कलही नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली, तथापि नोंदीपेक्षा दुकानातली मागणी बलवत्तर. पत्रिका छापून घेणारी आणि कापड विकणारी कुटुंबे या मासिकाच्या वाचकांतही आहेत. मालाची पारख हा ज्यांचा पिढीजात गुण, त्यांना हातची रेघ आणि छापील रेघ यांतला फरक ओळखणे अवघड नाही : हाताची रेघ काडी पिठात बुडताच जाड उमटते, पुढे बारीक होत जाते, आणि एखाद्या ठिकाणी भिंतीच्या खडबडीवर अडखळते.

मार्गशीर्षानंतर लग्नसराई सुरू झाली की गंजाडच्या परिसरात भिंती पुन्हा सारवल्या जातात, आणि नव्या भाताचे तांदूळ दळले जातात.