दोघांची चढण

फेब्रुवारी उजाडला की जगभर फिरणाऱ्या टेनिसपटूंचा एक ताफा भारतात उतरतो. चेन्नई, दिल्ली, पुणे, दर आठवड्याला नवं शहर आणि नवी एटीपी चॅलेंजर स्पर्धा, म्हणजे पुरुष टेनिसच्या मुख्य दौऱ्याखालची पायरी. 2025 साली पुण्यानंतर लगेच बंगळूरु होतं. त्या वाटेवर मी या ताफ्याच्या मागोमाग निघाले, आणि मुद्दाम दुहेरीवरच नजर ठेवली.

सुरुवात पुण्यातल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलातून. बाजूच्या कोर्टवर दुहेरी चालू असली की जाळीला टेकून उभं राहावं, सगळं ऐकू येतं. सर्व्हिसपूर्वी दोघं जवळ येतात, चेंडू तोंडापुढे धरून कुजबुजतात. नेटपाशी उभा असलेला पाठीमागे बोटांनी खूण करतो: मी मधे घुसणार की जागेवर थांबणार. मग पाच-सहा सेकंदांत गुण संपतो. 40-40 झालं की ॲडव्हान्टेज नाही. एकच गुण, त्यावर गेम. सेट एक-एक झाले तर तिसरा सेटही नाही, थेट दहा गुणांचा सुपर टायब्रेक. चांगली जोडी अवघ्या दोन चुकांनी घरी जाऊ शकते. पहिल्याच फेरीत हरलं तर गुण शून्य.

सामन्यांच्या मधल्या वेळात खेळाडू आणि प्रशिक्षकांशी बोलताना क्रमवारीतल्या चढणीचा हिशेब उलगडत गेला. जोडीनं जिंकलेले गुण दोघांनाही पूर्ण मिळतात, पण क्रमवारी ज्याची त्याची. ते गुण 52 आठवडे टिकतात, नंतर गळतात. म्हणून गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा या वर्षी ‘डिफेंड’ करावी लागते, नाहीतर माणूस न खेळताही खाली घसरतो. सर्वात खालच्या एम-15 स्पर्धेचं विजेतेपद 15 गुणांचं. 2025 ची पुण्याची चॅलेंजर 100 गुणांची होती. दोन्हीकडे सोळा जोड्यांचा ड्रॉ, म्हणजे विजेतेपदासाठी चार सामने. एम-15 मधली सात विजेतेपदं, म्हणजे 28 विजय, तेव्हा कुठे बालेवाडीतल्या चार विजयांची बरोबरी होते.

मग सगळेच चॅलेंजर का खेळत नाहीत? कारण दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून प्रवेश ठरतो. एक 180 वा आणि दुसरा 220 वा असला तर जोडी 400 ची, आणि ‘कट’, म्हणजे प्रवेशाची मर्यादा, 350 वर थांबला तर दोघंही बाहेर. त्यामुळे पार्टनर मिळवणं हीच अर्धी लढाई असते. दर आठवड्याला फोन, निरोप, विनवण्या. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूनं हात दिला तर वर्ष बदलतं. तो दुसऱ्याकडे गेला तर पुन्हा खालच्या स्पर्धा.

पुण्याहून बंगळूरुसाठी उद्यान एक्सप्रेस पकडली. कुर्डुवाडी गेलं, सोलापूर आलं. याच सोलापुरात महिलांच्या आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा झाल्या आहेत. परदेशी मुली इथे येऊन मोजक्या गुणांसाठी खेळून गेल्या, हे गाडीतल्या किती जणांना ठाऊक असेल! वाडी, रायचूर, गुंतकल मागे पडत गेलं. बर्थवर पडल्या पडल्या पुण्याच्या अर्जुन कढेचा विचार मनात होता. एम-15 सारख्या छोट्या स्पर्धांपासून चॅलेंजरपर्यंत वर्षानुवर्षं तो हीच वाट चालला. ऑक्टोबर 2024 मध्ये हैदराबादच्या ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर त्यानं अल्माटीची, चॅलेंजरच्या वरच्या पायरीची, एटीपी 250 स्पर्धा जिंकली. अंतिम सामना सुपर टायब्रेकवर सुटला. तिशीत मिळालेलं ते त्याचं पहिलं एटीपी विजेतेपद.

बंगळूरुचं कोर्ट कबन पार्कच्या झाडीत आहे. समुद्रसपाटीपासून नऊशेहून अधिक मीटर उंचीवर हवा विरळ, चेंडू सुसाट सुटतो, आणि चेन्नईच्या दमट हवेत खेळून आलेल्यांना काही आठवड्यांत हात बदलावा लागतो. पुण्यात वेगळ्या जोडीत पाहिलेले काही चेहरे इथे नव्या पार्टनरबरोबर उभे होते. याच कर्नाटकातल्या कोडगूचा रोहन बोपण्णा जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दुहेरीत जगात पहिला झाला. त्या वयात पहिला क्रमांक त्याच्याआधी कोणी गाठला नव्हता. एकेरीत उशीर झालेल्यालाही दुहेरी वेळ देते, हे त्यानं दाखवून दिलं.

ही चढण दोघांनी चढायची असते, पण पडायचं मात्र एकेकट्यानं, आणि तेही बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांसमोर. हे बदलणं आपल्या हातात आहे. चॅलेंजर बालेवाडीत असली की मंगळवारी किंवा बुधवारी, अंतिम सामन्याची वाट न पाहता, बाजूच्या कोर्टवर जा. मुलांनाही न्या. ओळखीचं नाव नसलेल्या जोडीचा एक पूर्ण सामना बसून बघा आणि चांगल्या गुणाला मोकळेपणानं टाळ्या वाजवा.