चाळणीत उरलेलं

समुद्र पोटात काही ठेवून घेत नाही, असं किनाऱ्यावरची माणसं सांगतात. पावसाळ्यात गोव्याच्या, तळकोकणाच्या पुळणींवर चपला, बाटल्या, जाळ्यांचे गुंते येऊन पडतात तेव्हा ते खरंही वाटतं. बोटीवर काम करू लागल्यावर मात्र हा समज टिकत नाही. समुद्राच्या पाण्याची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.०२५ ग्रॅम. पॉलिथिन त्याहून हलकं म्हणून तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी १.३८ च्या आसपास, बाटलीत हवा अडकलेली नसेल तर ते थेट तळाशी जातं. तरंगणाऱ्यावरही दिवसांमागून दिवस शेवाळ चढतं, बारीक कालवं धरतात, आणि तेही बुडू लागतं. पुळणीवर परत येतं ते थोडं. बाकीचं समुद्राच्या पोटातच आहे.

आम्ही प्लास्टिक मोजतो ते फक्त पाण्याच्या वरच्या वीतभर थरातलं. त्यासाठीचं मँटा जाळं दिसायला पाकटासारखं, रुंद तोंडाचं, दोन्ही बाजूंना पंख असलेलं. बोटीमागे उसळणाऱ्या फेसात ते येऊ नये म्हणून बाजूने लांब सोडतात आणि बोट अगदी संथ चालवतात. जाळीची भोकं मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तोंडाशी एक छोटं चक्र फिरत असतं. किती पाणी आत गेलं ते त्यावरून कळतं. वर घेतल्यावर जाळं बाहेरून धुवायचं, शेपटाच्या डब्यातलं सगळं चाळणीत उतरवायचं, आणि वाकून बघायचं.

पहिल्यांदा दिसतो तो निळा रंग. समुद्राच्या पृष्ठभागावर जगणाऱ्या कितीतरी जीवांचा रंग निळा असतो: नाण्याएवढी पॉर्पिटा, बुडबुड्यांच्या तराफ्याला लटकलेली जांभळी गोगलगाय, टाचणीच्या डोक्याएवढे निळे कोपेपॉड. आणि त्यांच्यामध्ये तसाच निळा दोरीचा धागा. सूक्ष्मदर्शकाखालीही क्षणभर ठरवता येत नाही. मग चिमट्याने दाबून बघायचं. जीव चेपतो, प्लास्टिक परत उसळतं. तरीही शंका उरली तर तापलेली सुई जवळ न्यायची. प्लास्टिक वितळून आक्रसतं. उघड्या समुद्रात राहणारा कीटकांचा एकच वंश आहे, हॅलोबेटीस, पाण्यावर चालणारा. त्याला अंडी घालायला काहीतरी तरंगतं लागतं. पूर्वी पीस, लाकूड, शिंपला मिळायचा, आता हा प्लास्टिकचा तुकडाही चालतो. अंडी चिकटलेला तुकडा कुठल्या रकान्यात लिहायचा?

यापुढचं काम मला नेहमीच जड जातं. प्लास्टिक नेमकं मोजता यावं म्हणून नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. जे जे जिवंत होतं ते फेसाळून विरघळतं. जे कधीच जिवंत नव्हतं ते तसंच राहतं. ते मग गाळणकागदावर घ्यायचं आणि इन्फ्रारेड किरणांखाली धरून पॉलिमर ओळखायचा. पद्धत योग्य आहे, तिच्याशिवाय आकडा खरा येत नाही, हे मला पटतं. पण प्लास्टिकचा हिशेब करण्यासाठी समुद्रच आधी नमुन्यातून काढून टाकावा लागतो, हेही तितकंच खरं.

या विषयाचे पहिले पुरावे दुसरंच काही शोधणाऱ्यांच्या हाती लागले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उत्तर अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांमागे प्लवक टिपणारं एक यंत्र १९३१ पासून ओढलं जातंय. १९५७ मध्ये आइसलंडजवळ त्यात मासेमारीचा प्लास्टिक धागा अडकला. कुणीतरी अडथळा म्हणून त्याची नोंद केली आणि वही मिटली. त्या वह्या चाळून २०१९ मध्ये संशोधकांनी ती नोंद पुढे आणली. १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ यांनी सारगॅसो समुद्रातल्या जाळ्यांत प्लास्टिकचे कण सापडल्याचं लिहिलं, चौरस किलोमीटरला सरासरी ३,५००. २००४ मध्ये प्लिमथच्या रिचर्ड थॉम्प्सन यांनी सहकाऱ्यांसह त्याच जुन्या प्लवकयंत्राच्या रेशमी पट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा १९६० च्या दशकापासूनचे तंतू त्यांत निघाले. जपून ठेवलेल्या रेशमाने साक्ष दिली. म्हणून कंटाळवाण्या नोंदींवर माझी श्रद्धा आहे.

आणि म्हणून आम्ही स्वतःचीही झडती घेतो. प्रयोगशाळेत सुती कोट घालायचा. नमुन्याशेजारी एक कोरी बशी उघडी ठेवायची. तिच्यात हवेतून जे तंतू पडतील तेवढे हिशेबातून वजा. जाळं नायलॉनचं, बोटीचा रंग प्लास्टिकचा, दोरखंड पॉलिप्रॉपिलीनचे. प्रत्येकाचा चिमूटभर तुकडा कापून, नाव लिहून बाटलीत ठेवतात, पुढे जुळवून बघायला.

एकदा बोटीवर असे तुकडे कापताना डेकवरचा रत्नागिरीकडचा खलाशी बघत होता. थोड्या वेळाने खाली जाऊन त्याने आपल्या सामानाच्या पिशवीला बांधलेल्या निळ्या दोरीचा तुकडा आणला. "हा पण ठेवा मॅडम. आमच्या घरच्या होडीवर हीच दोरी असते." आजोबांच्या वेळी सुती जाळी असायची, सारखी वाळवायला लागायची, तरी कुजायची, असंही त्याने सांगितलं, नायलॉन आलं तेव्हा घरात आनंद झाला होता. मी बाटलीवर चिठ्ठी लावली: निळी दोरी, घरगुती होडी, रत्नागिरी. चाळणीत निघालेल्या धाग्यांपैकी काही त्याच पॉलिमरचे ठरले. रंगही जवळपास तोच होता.