भाच्याची रायफल

काल डेन्व्हरहून भाच्याचा फोन. "मामा, एल्कच्या शिकारीला जायचंय. बजेट कमी आहे, रायफल कुठली घेऊ?" काशीमीऱ्यात राहणाऱ्या, कधी बंदूक न धरलेल्या माणसाला हा प्रश्न! पण आमचे अण्णा शिकारी. १९७२चा वन्यजीव कायदा येण्याआधी त्यांच्याकडे ३१५ बोअर होती.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. नर तीनशे किलोंच्या घरातला. भाच्याला महागडी मॅग्नम हवी होती. रात्री थोडं वाचलं आणि सांगितलं, वापरलेली ३०८ नाहीतर थर्टी-ओ-सिक्स घे. दोन्ही एल्कला पुरतात, काडतुसं सहज मिळतात, खांद्याला धक्काही कमी. वाचलेल्या पैशांत सरावाची काडतुसं घे.

मग अण्णांची गोष्ट सांगितली. एकदा त्यांनी फार लांबून सांबरावर बार टाकला. जखमी जनावर रानात शिरलं, दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. नंतर अण्णांनी रायफल उचलली नाही.

"म्हणजे जाऊ नको म्हणतोस?"

"जा की. पण खात्री नसेल तर चाप ओढू नकोस. लायसन्सचे पैसे फुकट गेले तरी चालतील."