सूर्याचा दिवस, ताऱ्यांचा दिवस

दुर्बिणीचा जुना माउंट घरी आला तेव्हा त्याच्यातलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालं होतं. रॉकेलमध्ये भिजवून टूथब्रशनं घासता घासता पितळेचं चाक उजळलं. दाते मोजले, 144. त्यात अडकलेल्या वर्मचा, म्हणजे मळसूत्री दांड्याचा, एक फेरा झाला की चाक एक दाता पुढे. आजवर तो वर्म कुणीतरी हातानं फिरवला असणार. हात थांबला की शनी दीड-दोन मिनिटांत नेत्रिकेबाहेर!

ते काम मी स्टेपर मोटरवर सोपवलं. ही मोटर भिरभिरत नाही, पावलं टाकते. एका फेऱ्याला 200, आणि तिचा इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर त्या प्रत्येकाचे 16 तुकडे पाडतो. मोटर आणि वर्म यांच्यामध्ये तिनास एक असा दातेरी पट्टा. गुणाकार केला : आकाशाच्या एका फेरीला 13,82,400 बारीक पावलं, म्हणजे सेकंदाला बरोब्बर सोळा. आकडा इतका गुळगुळीत निघाला की मी हुरळून गेलो. तिथंच संशय यायला हवा होता.

पुण्यात ध्रुव साडेअठरा अंश वर. माउंटचा अक्ष तिकडे रोखला. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला असतो, तेही सांभाळलं. रोहिणीचा तारा नेत्रिकेत मधोमध धरला. तासाभरानं पाहतो, तर रोहिणी पश्चिमेला अडीच कला सरकलेली. पट्टा ताणला, स्क्रू आवळले. पुन्हा तेच.

आई गच्चीवर आली होती. कृत्तिकांकडे बघत म्हणाली, "कार्तिकात दिवेलागणीला या उगवत होत्या. महिन्याभरात बघ किती वर आल्या."

मी चमकलो. महिन्याला दोन तास, म्हणजे रोजची चार मिनिटं. मोटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मी दिवस 24 तासांचा लिहिला होता, तो सूर्याचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला जरा जास्त वळावं लागतं. ताऱ्यांची फेरी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांतच पुरी होते. हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं. आईनं नुसतं वर बघितलं होतं.

86,400 खोडून 86,164 लिहिले. सोळाचे 16.04 झाले. रोहिणी ठाण मांडून बसली.

खाली भिंतीवरच्या घड्याळानं दहाचे ठोके दिले. त्याचं आणि या मोटरचं आता रोज चार मिनिटांनी बिनसणार.